शमुवेलरावांची चूळ

शमुवेल त्रिभुवनांनी त्या सकाळी फक्त एक चूळ भरायचं ठरवलं होतं. एकच, आणि तीही साध्या पाण्याची. त्या चुळीपायी एक बाभूळ बोडकी होईल, मालनमावशींचा गाल फुगेल आणि स्वतःच्या लेकीचं एम.एस्सी. बुडायची वेळ येईल, हे त्यांना नळापाशी उभं असताना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी तोंड तसंच ठेवलं असतं. पण अशा वेळी सांगणारं कुणी जवळ नसतं. बायको असते, पण ती स्वयंपाकघरात असते.

शमुवेलराव श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात टाईम ऑफिसचे क्लार्क. वय छप्पन्न. ऑफिसात त्यांचं काय काम चालतं हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं (ऑफिसातही फारसं कुणाला नव्हतं), पण त्यांचे दात सगळ्यांना ठाऊक होते. बत्तीसच्या बत्तीस, स्वतःचे, आणि सगळे जागेवर. रोज सकाळी अर्धा तास ते बनियनवर फाटकात उभे राहत, तोंडात बाभळीची काडी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, "टूथपेस्ट म्हणजे नुसता फेस हो! माझ्या तोंडात एक जंतू सापडला ना, तर नाव बदलीन."

"नाव राहू द्या," दयाबाई आतून म्हणत. "आधी तो बनियन बदला."

त्यांची मुलगी आराधना सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. दात किडवणारे जे जंतू असतात त्यांच्यावर झाडपाल्यातली कुठली द्रव्यं चालतात, हा तिच्या प्रोजेक्टचा विषय. त्यासाठी ती बाभळीची साल, पेरूची पानं, कडुनिंब, करंज असं काय काय घरी आणून वाळवी आणि दळी. मिक्सर घरात एकच होता. त्यामुळे त्या उन्हाळ्यात त्रिभुवनांकडची शेंगदाण्याची चटणीसुद्धा कडू लागायची, पण लेकीच्या शिक्षणासाठी सगळे गप्प खात.

"आधी माणसांच्या तोंडातली लाळ घ्यायची," तिनं वडिलांना समजावून सांगितलं होतं. "काचेच्या बशीत त्यातले जंतू वाढवायचे. मग मधोमध झाडाचा अर्क ठेवायचा. अर्क चालला तर त्याच्याभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल चकती उरते. जितकी चकती मोठी, तितका अर्क खमका."

तिला वीस जणांची लाळ हवी होती. शेजारपाजारचे अठरा झाले. उरले आई आणि वडील.

"सकाळी उठल्यावर ब्रश नाही, दातवण नाही, चूळसुद्धा नाही. सरळ या बाटलीत थुंकायचं."

"मी? दातवण न करता?"

"एक दिवस, पप्पा."

तर त्या सकाळी शमुवेलराव उठले आणि तोंडाशी हाताची ओंजळ धरून त्यांनी हलकेच "हा" केलं. जो वास आला, तसा वास त्यांनी आजवर फक्त कारखान्यात मळीच्या टाकीपाशी घेतला होता. ते हादरले. हे सगळं आता लेक बघणार. तिच्या कॉलेजातल्या राजेश्वरी मॅडम बघणार. सूक्ष्मदर्शकातून, म्हणजे मोठं करून बघणार!

म्हणून एक चूळ. मग वाटलं, नुसत्या पाण्यानं काय होणार? म्हणून मिठाच्या पाण्याची एक. मग लवंगेच्या पाण्याची. मग कपाटात मागे सरकवलेली एक गुलाबी बाटली दिसली. गेल्या वर्षी दयाबाईंची दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी गुळण्या करायला दिलेली. दोन चमचे औषध, तेवढंच पाणी, असं त्यावर लिहिलं होतं. शमुवेलरावांनी पाण्याची भानगड ठेवली नाही. अर्धी बाटली तोंडात घोळवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत धरून ठेवली. मग ते हसतमुखानं बाहेर आले आणि लेकीच्या बाटलीत थुंकले. तिनं बाटलीवर आकडा घातला, एकोणीस.

तिसऱ्या दिवशी आराधना कॉलेजातून धावतच घरी आली.

"मम्मी! पप्पांची बशी कोरी आहे!"

"कोरी म्हंजे?"

"म्हणजे काहीच उगवलं नाही त्यात! एक ठिपकासुद्धा नाही! मॅडम म्हणाल्या, अशी बशी त्यांनी आयुष्यात बघितली नाही. पप्पा, तुम्ही खरंच फक्त बाभळीची काडी वापरता?"

हा तो क्षण. शमुवेलरावांनी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. "अगं, ते काय झालं…" इथवर ते आलेही होते. पण तेवढ्यात फोन वाजला, आणि पलीकडून राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "नमस्कार, त्रिभुवन साहेब."

साहेब! तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. शिपाईसुद्धा "ओ त्रिभुवन" म्हणायचा.

"तुमची बाभूळ कुठली, साहेब?"

"आमच्या वडिलांच्या बांधावरची," शमुवेलराव म्हणाले. आवाज आपोआप भारदस्त झाला होता. "नेवाशाच्या रस्त्याला. जुनं झाड आहे."

"मग त्या झाडाच्या काड्या पाठवा. आणि आता महिनाभर दर सोमवारी तुमची लाळ लागेल. चालेल ना?"

"विज्ञानासाठी काहीही," साहेब म्हणाले.

गुलाबी बाटली पहिल्याच सोमवारी संपली. गल्लीतल्या मेडिकलवाल्या श्रीमंतकडून नवी घेतली असती, तर संध्याकाळच्या आत ते दयाबाईंना कळलं असतं. म्हणून शमुवेलराव स्टेशनपलीकडच्या दुकानात गेले.

"तीन बाटल्या."

"तीन? ऑपरेशन झालंय का?"

"दाढ काढलीय."

"तुमची?"

"पाहुण्यांची," शमुवेलराव म्हणाले आणि उगाच इकडेतिकडे बघत बाहेर पडले.

सोमवारपुरती गुळणी करून भागलं असतं. पण मध्येच कधी मॅडम अचानक आल्या तर? या भीतीनं ते रोज दोनदा करू लागले. आठ दिवसांत चहा पत्र्यासारखा लागायला लागला. मग आमटीची चव गेली.

"आज मीठ घालायचं राहिलं वाटतं."

दयाबाईंनी बोट बुडवून चाखलं. "घातलंय की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ वाढवलं. तरी तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाढवलं. आराधनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वडील म्हणाले, "अळणी आहे." तीस वर्षं ज्यांच्या हातच्या आमटीसाठी पाहुणे मुक्काम वाढवत, त्या बाईनं त्या संध्याकाळी बहिणीला फोन करून विचारलं की वय झालं की हाताची चव जाते का.

तिसऱ्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. आरशात दातांच्या मुळांशी तपकिरी रेघ दिसली. शमुवेलरावांनी ती बाभळीच्या काडीनं घासली, राखेनं घासली, सोड्यानं घासली. रेघ रुंद झाली. तेव्हापासून ते ओठ मिटून हसू लागले आणि तोंडापुढे हात धरून बोलू लागले. गल्लीत सगळे म्हणाले, त्रिभुवन अलीकडे फार सभ्य झाले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण बुधवार आला.

दर बुधवारी चर्चच्या मंडळींची प्रार्थना सभा कुणा ना कुणाच्या घरी असे. गीतं होत, वचन वाचलं जाई, मग साक्ष. म्हणजे आठवडाभरात देवानं आपल्यासाठी काय केलं, ते ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. त्या बुधवारी सभा त्रिभुवनांकडेच होती. शमुवेलरावांना खरं तर एवढंच सांगायचं होतं की लेकीचा अभ्यास चांगला चाललाय, प्रभूला धन्यवाद. तेवढं सांगून बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर मंडळीतल्या मालनमावशी गालाला हात लावून बसल्या होत्या. त्यांची दाढ पंधरा दिवस ठणकत होती आणि शुक्रवारी त्या ती काढायला जाणार होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, "शमुवेल, बाबा, तुज्या दाताचं लई ऐकलंय. सांग की मंडळीला."

"प्रभूनं मला एका बाभळीकडे नेलं," शमुवेलराव म्हणाले.

"हालेलुया!" मागून कुणीतरी म्हणालं.

माणसाला हालेलुया मिळालं की पुढचं वाक्य थोडं मोठं होतं. शमुवेलरावांचं प्रत्येक वाक्य मोठं होत गेलं. पहिल्यांदा लेक थक्क झाली, मग मॅडम, मग कॉलेज. शेवटी नगरचे आणि पुण्याचे डॉक्टरही थक्क झाले. (झाले नव्हते, पण होणारच होते.) चर्चच्या पाळक जस्टिन साहेबांनी डोळे मिटून दोन्ही हात वर केले. एकट्या दयाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. हे बोलताना तोंडापुढे हात का धरतात, एवढाच त्यांना प्रश्न पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून चुलत भाऊ गोरक्षचा फोन आला.

"दादा, बाबळीला काय झालंय? मानसं चढत्यात तिच्यावर."

"किती?"

"मोजली न्हाईत. पर येक टेम्पो बी आलाय."

शनिवारपर्यंत बाभळीचं नुसतं खोड राहिलं. मालनमावशींनी डॉक्टरचा नंबर रद्द केला आणि त्या दिवसातून चार वेळा काडी चावू लागल्या. त्यांचा गाल रोज थोडा थोडा वर येत होता.

तिकडे आराधनानं त्याच बाभळीचा अर्क काढला आणि बाकी लोकांच्या जंतूंवर ठेवून बघितला. चकती उठली, पण इतर कुठल्याही बाभळीची उठते तेवढीच. तिनं पुन्हा केला. तेवढीच. इकडे एकोणीस नंबरची बशी दर सोमवारी कोरी, आणि ज्या झाडानं ती कोरी झाली म्हणायचं, ते झाड अगदी साधं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. प्रोजेक्ट द्यायला महिना उरला होता. ती सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ लागली, जेवणाचा डबा तसाच परत आणू लागली.

एक दिवस शमुवेलराव ऑफिसातून आले तर ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी जमिनीवर बसली होती. पुढ्यात वही उघडी होती आणि ती रडत होती.

"पप्पा, मला नाही जमत हे."

"काय झालं बाळा?"

"माझंच कुठेतरी चुकतंय. सात वेळा केलं, सगळ्या काचा स्वतः उकळल्या, तरी मेळ बसत नाही. मॅडम काही बोलत नाहीत, पण त्यांनाही वाटत असणार की माझा हात नीट नाही. मी सोडून देते, पप्पा. लॅबमध्ये काम करायची माझी लायकीच नाही."

ही मुलगी पाचवीत असताना एका गणिताला चुकून पूर्ण मार्क मिळाले, तर बाईंकडे जाऊन ते कमी करून आली होती. आणि तिला आज बापाच्या गुळणीपायी आपला हात वाईट वाटायला लागला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या बुधवार आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "मॅडमना पण सभेला बोलावलंय. त्यांना तुम्हाला भेटायचंच होतं. माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगाल?"

तेव्हा शमुवेलरावांनी ठरवलं. जिथे उभं राहून खोटं बोललो, तिथेच उभं राहून खरं सांगायचं. (चारचौघांत दयाबाई फार बोलणार नाहीत, असाही एक हिशेब त्यात होता. तो साफ चुकला.)

त्या बुधवारी सभा मालनमावशींकडे होती. मावशींनी हनुवटीखालून डोक्यापर्यंत फडकं बांधलं होतं. राजेश्वरी मॅडम पाहुण्या म्हणून पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. साक्षीची वेळ झाली आणि शमुवेलराव उठले.

"मंडळी, मागच्या बुधवारी मी जे सांगितलं, ते खोटं होतं."

"हालेलुया!" मागून आवाज आला. सवयीनं.

"नाही, नाही. माझ्या तोंडात जंतू आहेत."

"प्रभूची स्तुती असो!"

"भरपूर आहेत हो!" शमुवेलराव रडकुंडीला आले. "मला माझी साक्ष मागे घ्यायची आहे!"

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. "मागे? साक्ष मागे घ्यायची अशी… रीत नाही आपल्याकडे. कमिटीत विषय ठेवावा लागंल."

"लई नम्र हाय मानूस," मालनमावशी फडक्यातून म्हणाल्या. "येवढं मोठं काम झालं, पर सोताकडं काय घेत न्हाई."

आता दुसरा उपाय नव्हता. शमुवेलरावांनी खिशातून गुलाबी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर धरली. पहिल्या चुळीपासून स्टेशनपलीकडच्या दुकानापर्यंत सगळं सांगून टाकलं. मॅडमनी उठून बाटली हातात घेतली, वरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "त्रिभुवन, तोंड उघडा."

साहेब गेला होता. त्यांनी तोंड उघडलं. पुढच्या रांगेतल्या चार बायकांनी पदर तोंडाला लावला. बत्तीसच्या बत्तीस दात कात खाल्ल्यासारखे तपकिरी झाले होते.

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

"पाणी न घालता?"

"हो."

"यानं दात काळे पडतात, जिभेची चव जाते. सगळं इथे लिहिलंय."

"मी पुढे वाचलं नाही."

मागून एकदम दयाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हंजे आमटीत मीठ होतं!" त्या ओरडल्या. "माझ्या आमटीत मीठ होतं!"

"हालेलुया!" अख्खी मंडळी म्हणाली. या वेळी मनापासून.

आराधना मात्र बसल्या जागेवरून वडिलांकडे बघत होती. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "माझं चुकत नव्हतं?"

"नव्हतं गं पोरी," शमुवेलराव म्हणाले. "तुझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलो ते मी." आणि इतक्या माणसांत त्यांना रडू आलं. तीही रडली, मग रडता रडता हसली, आणि त्यानंतर तीन दिवस ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी शमुवेलरावांनी रजा टाकून मालनमावशींना स्कूटरवर दाताच्या डॉक्टरकडे नेलं. येताना मावशींच्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. हे शमुवेलरावांचं नशीब. सगळ्या वाटेत त्या फक्त मागून त्यांच्या पाठीत एकेक बुक्की घालत आल्या.

प्रोजेक्टला मॅडमनी महिन्याची मुदत वाढवून दिली. अट एकच. पंधरा दिवस गुळणी बंद, आणि मग एकोणीस नंबरची लाळ पुन्हा, खरीखुरी. ती दयाबाईंनी स्वतः नळापाशी उभं राहून नवऱ्याला थुंकायला लावून घेतली. दोन दिवसांनी बशी भरून गेली. इतकी, की आराधनाला ठिपके मोजता येईनात. मॅडमना मात्र आनंद झाला. "असेच चिवट जंतू हवे होते," त्या म्हणाल्या. "यांच्यावर जे चालेल त्याला काहीतरी अर्थ आहे." मग आराधनानं एकेक अर्क त्या बशीवर लावला. कडुनिंब हरला, करंज हरला. पेरूची पानं आणि बाभळीची साल दोन्ही एकत्र ठेवली तेव्हा कुठे एक छानशी गोल चकती उठली. ती बघून आराधनानं तिथेच लॅबमध्ये टाळी वाजवली आणि घरी पहिला फोन पप्पांना केला.

प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी पालकांना बसायची परवानगी होती. शमुवेलराव लग्नातला कोट घालून शेवटच्या बाकावर बसले. दात डॉक्टरकडून खरवडून घेतले होते, तरी कडेकडेनं तपकिरी रंग राहिलाच होता. शेजारी दयाबाई. आराधना न अडखळता बोलत होती, आणि बापाला अभिमानानं कोट तंग होत होता. एवढ्यात पडद्यावर भिंतभर मोठी एकोणीस नंबरची बशी आली.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"हे तोंडातलंच आहे? गटारातलं वगैरे नाही ना मिसळलं?"

"नाही सर. तोंडातलंच."

"तीस वर्षं शिकवतोय, असं तोंड बघितलं नाही." ते पडद्याजवळ गेले. "हा माणूस आता कसा आहे? म्हणजे… हयात आहे ना?"

आराधनानं शेवटच्या बाकाकडे बघितलं. शमुवेलरावांनी नजर छताकडे लावली. पण दयाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि हात सरळ वर केला.

"आहेत," त्या म्हणाल्या. "हिचे वडील."

परीक्षक शमुवेलरावांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आराधनाकडे वळून फार मायेनं म्हणाले, "शाबास, बेटा. घरची अशी परिस्थिती असताना इथवर आलीस."